बडोद्यातला रविवारचा गणित क्लास: आमचा अनुभव

दांडिया बाजारजवळ एक सर रविवारी गणिताचा क्लास घेतात, मुलीला चार महिन्यांपूर्वी घातलंय आणि खरं सांगते, पैसे वसूल. दर रविवारी एकच मोठी संख्या घेतात नि तास-दीड तास तिलाच धरून बसतात. मागच्या वेळी होती ११,११,११,१११. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो, म्हणजे ही हर्षद संख्या (स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी), हे नाव आपल्या देवळालीच्या गणितज्ञ कापरेकरांनी दिलेलं. मग सरांनी खडूने दोन उभ्या रेघा मारल्या, १११|१११|१११, आणि विचारलं की आता काय दिसतं, तर माझी पोरगी पटकन म्हणाली १११ म्हणजे ३ गुणिले ३७, मला तर भरूनच आलं! शेवटी अवयव निघाले ३×३×३७×३३३६६७, म्हणजे एकूण १२ विभाजक, आणि ती संख्या सोडून बाकीच्यांची बेरीज ५,३७,२०,८८१, मूळ संख्येच्या निम्म्याहूनही कमी. वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१, उलटसुलट सारखाच!!

खोली मात्र फार लहान आहे, मागच्या पोरांना फळा दिसत नाही, लवकर जाऊन पुढे बसवा.