गुडघा बदलल्यावर घरी येणारी फिजिओ : पावसचा अनुभव

माझं वय 68, मे महिन्यात कोल्हापूरला उजवा गुडघा बदलला. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं, ऑपरेशन छानच झालं, पण खरी मेहनत घरी आल्यावर असते हे मला तेव्हा कळलं.

रत्नागिरीहून आमच्या पावस गावी स्कूटरवर येणारी ही फिजिओथेरपिस्ट मुलगी शेजाऱ्यांनी सुचवली. एका वेळचे 500 रुपये, पेट्रोल त्यातच. सहा आठवडे आली.

पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच, आधी तिने घर बघितलं. माजघरातली पायपुसणी उचलायला लावली, न्हाणीत धरायला दांडा बसवून घ्या म्हणाली. मी गुडघ्याखाली उशी घेऊन पडले होते, तसं बरं वाटायचं ना, तर तिने उशी काढली आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "काकू, उशीची सवय लागली तर गुडघा सरळ व्हायचा नाही." डोळ्यात पाणी आलं माझ्या, पण आज पाय सरळ होतो तो त्या गुंडाळीमुळेच. गादीवर टाच सरकत नव्हती तर पायाखाली प्लास्टिकची पिशवी घातली, मग सरकायला लागली. गुडघा किती वाकतो ते दर दोन दिवसांनी कोनमापकाने मोजून कालनिर्णयवर लिहायची, सुरुवातीला 60, दोन आठवड्यांनी 90, शेवटी 112. आकडा वाढलेला दिसला की यांनाच माझ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

ओटीवरून अंगणात उतरायला जांभ्याच्या चार पायऱ्या आहेत, त्यांची मला फार धास्ती. तिने तिथेच उभं करून शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पाऊस लागल्यावर मात्र शेवाळ घासून घेतल्याशिवाय तिने मला पायरीवर पाय ठेवू दिला नाही.

एकदा पोटरी सुजून दुखायला लागली. मला वाटलं चालल्यामुळे असेल, जाऊबाई म्हणाल्या तेल लावून चोळ. हिने हातसुद्धा लावू दिला नाही, व्यायाम थांबवला आणि डॉक्टरांना तेव्हाच फोन लावला, रक्ताची गाठ असू शकते म्हणून. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली, गाठ नव्हती. पण तिने ते मनावर घेतलं हे मी विसरणार नाही.

तक्रार एकच. जूनमध्ये जोराचा पाऊस झाला तेव्हा दोन दिवस आली नाही आणि फोनही नाही, मी वाट बघत बसले आणि गुडघा परत आखडला. त्यात लाईट नाही, शेकायला बर्फ नाही, हे मासळीवालीकडून बर्फ घेऊन आले तेव्हा टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं ठेवला. तिला स्पष्ट सांगितलं, मग मात्र येता आलं नाही की सकाळीच व्हिडिओ कॉल करून व्यायाम करून घ्यायची.

ऑपरेशन ठरलं असेल तर तारखेच्या आधीच हिच्याशी बोलून ठेवा, घरी आल्यावर शोधत बसलात तर पहिला आठवडा फुकट जातो. डावा गुडघा दिवाळीनंतर करायचाय, तिला आत्ताच सांगून ठेवलंय.