ट्रायथलॉनचं सामान: पहिलं वर्ष वापरून झाल्यावर (कोल्हापूर, स्प्रिंट आणि ऑलिंपिक डिस्टन्स)

ट्रायथलॉनचं (सलग पोहणं, सायकल आणि पळणं) सामान सुटं सुटं बघून घेऊ नका, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय. गॉगल चांगला की वाईट ते पोहणारा सांगतो, सॅडलचं (सायकलच्या सीटचं) सायकलवाला सांगतो, बुटांचं पळणारा सांगतो आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण इथं ओल्या अंगानं सायकलवर बसायचं असतं आणि सायकलवरून उतरून त्याच कपड्यात, त्याच थकलेल्या पायांनी पळायचं असतं, आणि तिथं त्याच वस्तू एकदम वेगळ्या वागतात. मी कोल्हापूरची, नोकरी करते, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एकेक वस्तू घ्यायला लागले, मग राजाराम तलावात स्प्रिंट केली, नंतर ऑलिंपिक डिस्टन्स केली आणि आता गोव्याच्या हाफची तयारी चालू आहे. या सगळ्यात काय वापरलं, काय टिकलं आणि काय कपाटात गेलं ते सविस्तर लिहितेय, विशेषतः बायकांसाठी, कारण मी घेताना आमच्या बाजूनं लिहिलेलं मराठीत मला जवळपास काहीच सापडलं नव्हतं.

अंतरं ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी पटकन. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. ऑलिंपिक म्हणजे त्याच्या बरोबर दुप्पट, २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तिथं हेच अंतर आहे. गोव्यात मिरामारला होणारी हाफ म्हणजे १.९ किमी समुद्रात, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी रन, एकूण ११३ किमी, म्हणजेच ७०.३ मैल. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला फुल आयर्नमॅन (या हाफच्या दुप्पट अंतर) १५ तास १९ मिनिटांत केली आणि तेव्हापासून आपल्याकडे हा शब्द घरोघरी गेला, पण त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झालाय की ट्रायथलॉन म्हणजे तेवढंच आणि त्याला लाखाची सायकल लागते. नाही लागत. स्प्रिंटला ब्रेक नीट असलेली सायकल, हेल्मेट आणि उघड्या पाण्यात न घाबरता पोहता येणं एवढं पुरतं, यातलं तिसरं विकत मिळत नाही म्हणून सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्या.

आता गॉगल. पूलमध्ये मी जो छोटा गॉगल वापरायचे तो तिथं एकदम मस्त होता, पण तलावात सकाळी साडेसहा-सातला सूर्य अगदी पाण्याच्या पातळीवर असतो आणि बॉय (पाण्यातला मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) नेमका त्याच दिशेला असला की डोकं वर काढून काही म्हणजे काही दिसत नाही. पूलमध्ये तळाची काळी रेघ असते, तलावात खाली नुसतं हिरवट, स्वतःचा हात कोपरापुढं दिसत नाही, त्यामुळे आठ-दहा स्ट्रोकनंतर मान वर करून बॉय शोधावाच लागतो. म्हणून उघड्या पाण्यासाठी रुंद काचेचा आणि आरशासारखं कोटिंग असलेला गॉगल वेगळा घ्या, यात पैसे वाचवू नका. माझा साधारण हजार-बाराशेचा आहे, सील अजून उत्तम, पट्टा एकदा बदलला. आतलं अँटीफॉग मात्र तीन-चार महिन्यांतच गेलं आणि हे बहुतेक सगळ्याच गॉगलचं होतं, त्याला उपाय सोपा आहे, बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा आणि पाण्यात एकदा विसळायचा, झालं. आतून बोटानं किंवा टॉवेलनं कधीच पुसायचा नाही. आणि रेसला गॉगलचा पट्टा कॅपच्या आत घाला, सुरुवातीच्या गर्दीत कुणाचा हात लागला तरी तो निघून जात नाही.

केशरी टो बॉय, म्हणजे कमरेला बांधून मागं तरंगत येणारी हवेची पिशवी. आठशेच्या आसपास मिळते. माझ्या सगळ्या सामानात पैसे सर्वात जास्त वसूल झाले ते हिचे. मी लहानपणी आजोळी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली, पोहण्याची भीती तशी नव्हतीच, पण तलावाच्या मध्यावर पाय टेकायला काही नसतं तेव्हा दम लागला तर हिला धरून अर्धा मिनिट थांबता येतं, काठावरच्या माणसाला आपण कुठं आहोत ते दिसतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. रेसमध्ये ती नसते, तिथं कयाक आणि लाइफगार्ड असतात. सरावाला मात्र हिच्याशिवाय आणि सोबतीशिवाय पाण्यात उतरूच नका, कितीही छान पोहता येत असलं तरी.

ट्रायसूटवर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते. तिन्ही प्रकार एकाच कपड्यात, मधे बदलायचं नाही, यासाठी हा असतो, आणि बायकांच्या दृष्टीनं हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे कारण ट्रान्झिशनमध्ये (एक प्रकार संपवून दुसरा सुरू करायच्या जागी) कपडे बदलायला आडोसा नसतोच. हवाईत १९७८ ला पहिली आयर्नमॅन झाली, १५ जण उतरले आणि १२ जणांनी पूर्ण केली, त्यांनी काही ट्रायसूट घातले नव्हते, म्हणजे याच्यावाचून अडतं असं नाही, पण घेतल्यावर फरक कळतो. बसायच्या जागचा पॅड पातळ असतो, तो पाणी धरून ठेवत नाही, सायकलवर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सुकतो आणि पळताना मधे येत नाही. सायकलिंगची जाड पॅडवाली शॉर्ट घालून पोहून बघा, ओल्या स्पंजवर बसल्यासारखं होतं. तोटाही तोच आहे, २० किमीला पातळ पॅडचं काही वाटत नाही, ४० किमीला शेवटी शेवटी जाणवायला लागतं आणि त्यापुढं सॅडल बरोबर नसेल तर मग हालच.

मी हाफ स्लीव्हचा घेतला. स्लीव्हलेसमध्ये खांदे मोकळे राहतात हे खरं, पण आपल्याकडच्या उन्हात दोन-अडीच तासांत खांदे भाजून निघतात. साइझ मापाच्या तक्त्यावर जाऊ नका, घालून बघा, दोन्ही हात वर करा, वाका, सायकलवर बसतो तसं बसा. उभं राहिल्यावर थोडा घट्ट आणि आखूड वाटला तर बरोबर आहे, कारण पाण्यात तो सैलावतो. काखेत आणि मानेच्या मागं व्हॅसलीन भरपूर लावा, तलावात इतकं नाही पण समुद्राच्या मीठानं तिथली कातडी सोलवटते. वन पीस असेल तर वॉशरूमला जाणं हा कार्यक्रमच होतो, पुढची चेन कमरेपर्यंत येते का ते घेतानाच बघा. पाळीच्या दिवसांत मी टॅम्पॉन वापरून लांब सराव केलेत, ट्रायसूटमध्ये काही अडचण आली नाही, हे कुणी स्पष्ट लिहीत नाही म्हणून लिहिलं. धुवायला गार पाणी, सावलीत वाळवणं, आणि कम्फर्टसारखं काही घालायचं नाही, त्यानं कापडाचा ताण जातो. वर्षभरात माझ्या सूटचा बसायच्या जागचा रंग उतरलाय, शिवण एकदाही उसवली नाही.

सायकल साधी अ‍ॅल्युमिनियम रोडबाइक, आठ गिअरची, सेकंडहँड. तिच्याबद्दल तक्रार नाही. टायरबद्दल सांगते. आधी २५ एमएमचे होते, आपल्या रस्त्यांना ते चालतात पण मनगटं सांगतात, २८ टाकले आणि हवा थोडी कमी ठेवली, तेव्हापासून पन्हाळ्याचा रस्ता आवडायला लागला. उसाच्या हंगामात डबल ट्रॉल्या रस्त्यावर असतात, पाचट सांडलेलं असतं, त्यावरून ओल्या सकाळी ब्रेक दाबला की चाक सरकतं, आणि बाभळीच्या काट्यांचं तर विचारूच नका. सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप एवढं सॅडलखालच्या पिशवीत कायम. सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) १६ ग्रॅमचा कार्ट्रिज, म्हणजे हवा भरायची छोटी गॅसची नळी, रेसला छान, काही सेकंदांत टायर कडक होतो, पण तो गॅस ट्यूबमधून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी साधी हवा भरून घ्यायची.

आणि एक पन्नास रुपयांची वस्तू, प्रेस्टा वॉल्व्हचा (रोडबाइकच्या ट्यूबला असतो तो बारीक वॉल्व्ह) पितळी अडॅप्टर. वाघबीळच्या पुढं पंक्चर काढलं, छोट्या पंपानं अर्धीच हवा भरली गेली म्हणून टपरीवर थांबले, तर मामा खाली बसून वॉल्व्हकडं बघत राहिले. "ताई, ह्यो वॉल्व्ह कसला? हितं आमचा पंप बसायचा न्हाई." पिशवीतून अडॅप्टर काढून फिरवून बसवला, त्यांनी कॉम्प्रेसरचा पाइप लावला आणि क्षणात काम झालं. मामांनी पैसे घेतले नाहीत, वर तो अडॅप्टर हातात घेऊन दोन-तीनदा उलटसुलट करून बघितला, म्हणाले, हे भारी हाय. रोडबाइकवाल्या प्रत्येकानं हा वॉल्व्हवरच लावून ठेवावा, गावोगावच्या टपऱ्या तुमच्या कामी येतात.

क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे हँडलवर बसवायचे पुढं आलेले दांडे, त्यावर कोपरं टेकून वाकून चालवायचं. ही वस्तू ट्रायथलॉनमधूनच बाकी सायकलिंगमध्ये गेली, १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलला (एकेकट्यानं वेळेविरुद्ध चालवायची शर्यत) ग्रेग लेमाँड या सायकलपटूनं ते लावले आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली, म्हणजे उपयोग आहे यात वाद नाही. पण माझे कपाटात आहेत. त्यावर झोपल्यावर हात ब्रेकपासून लांब जातात, आमच्या रस्त्यावर कुत्रं, खड्डा, स्पीडब्रेकर यातलं काही ना काही सतत येतं आणि जिथं सरावच करता येत नाही ती पोझिशन रेसच्या दिवशी पाठीला आणि मानेला झेपत नाही. त्याऐवजी बाइक फिट करून घ्या, म्हणजे सायकल आपल्या अंगाच्या मापानं बसवून घ्या. सॅडल थोडं वर-पुढं आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) आखूड एवढ्यानं माझं गुडघ्याचं दुखणं थांबलं, आणि उतरल्यावर पळताना मांड्यांत जीव शिल्लक राहायला लागला, जे मला कुठल्याही महागड्या पार्टनं मिळालं नसतं.

घड्याळाबद्दल थोडक्यात, कारण ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. मल्टिस्पोर्ट मोड (तिन्ही प्रकार सलग नोंदवणारा) हवा आणि एका प्रकारावरून पुढच्यावर जायला लॅपचं खरं बटण हवं, नुसती टचस्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही, माझ्या आधीच्या घड्याळानं पाण्यातून बाहेर आल्यावर स्विमच चालू ठेवलं होतं आणि मी सायकलवर अर्धा किलोमीटर ते बदलायच्या खटपटीत होते. उघड्या पाण्यातलं अंतर कुठल्याच घड्याळात तंतोतंत येत नाही, हात पाण्याखाली गेला की जीपीएसचा सिग्नल तुटतो, नकाशावर वेडीवाकडी रेघ येते, त्यावरून मन खट्टू करून घेऊ नका. पाण्यात मनगटावरचा हार्ट रेटही भरवशाचा नाही.

बूट जे पायाला बसतात तेच ठेवा, फक्त नाड्या इलॅस्टिकच्या घाला, दोन-तीनशे रुपयांत येतात. ओल्या बोटांनी गाठ मारायचा त्रास जातो. मोज्यांशिवाय पळणारे पुष्कळ दिसतील, ५ किमीला ठीक आहे, १० किमीला टाचेवर फोड येतात, मी मोजे गुंडाळून आत थोडी पावडर टाकून बुटात ठेवते, दहा-पंधरा सेकंद जातात आणि पाय वाचतात. क्लीट्सची (बूट पेडलमध्ये अडकवणारे खटके) पहिल्या रेसला गरज नाही, पळायच्याच बुटांनी साध्या पेडलवर सायकल चालवली की एक बदल कमी होतो. रेसबेल्ट मात्र घ्या, नंबर सायकलवर मागं आणि पळताना पुढं फिरवता येतो. आणि हेल्मेटचा बकल सायकलला हात लावायच्या आधी लागला पाहिजे, सायकल रॅकवर ठेवेपर्यंत उघडायचा नाही, हा नियम आहे, घरी व्हरांड्यात सवय करा. मी रोज जेवणानंतर टॉवेल अंथरून बूट, बेल्ट, हेल्मेट मांडायचे, धाकटी स्टॉपवॉच लावायची.

खाण्याचं. जेल्स (पाकिटातले ऊर्जेचे गोड जेल) महाग आहेत पण रेसला चालतात, एकात साधारण २२ ते २५ ग्रॅम कार्ब असतात, किती घेतलं ते मोजता येतं. सरावाला मी घरचंच वापरते. राजगिऱ्याचा लाडू सायकलवर नको, तोंड कोरडं असताना तो नुसता भुगा होऊन घशात बसतो. गूळ पोटाला उत्तम, पण पाठीच्या खिशात उन्हानं पाघळतो आणि सूट चिकट होतो. बिया काढलेला खजूर मीठ लावून, बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळलेला, हे सगळ्यात बेस्ट जमलंय. बाटलीत लिंबू, साखर, मीठ. पोहताना थोडं पाणी पोटात जातंच, त्यामुळे सायकलवर पहिली दहा मिनिटं फक्त घोट घोट पाणी, मग खाणं. हे नुसत्या सायकलच्या सरावात कळणारच नाही, त्यासाठी तलावातून थेट सायकलवर बसून बघावं लागतं.

वेटसूट (गार पाण्यात पोहायला घालतात तो रबरी सूट) कुणी घ्यायला सांगितलं तरी आपल्या रेसेससाठी घेऊ नका. आयर्नमॅनच्या नियमात वेटसूट घालून बक्षिसासाठी पात्र राहायचं तर पाणी २४.५ अंशांपर्यंतच असावं लागतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्याचा समुद्र त्यापेक्षा बराच गरम असतो.

मागच्या महिन्यात नवऱ्याबरोबर मिरामारला सरावाला जाऊन आले. तलावावर जमलेला सगळा हिशोब समुद्रात पुन्हा मांडावा लागतो, बॉय लाटेच्या मागं गेला की दिसतच नाही, त्यामुळे आपण लाटेवर उचलले जातो तेवढ्यातच मान वर करायची, हे तिथल्या पोहणाऱ्या एका ताईंनी शिकवलं आणि तासाभरात जमायला लागलं. गॉगल तोच, सील तिथंही पक्कं राहिलं. ट्रायसूट, गॉगल, घड्याळाचा पट्टा सगळं हॉटेलवर येऊन आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं, सायकलची चेन पुसून तेल दिलं, खाऱ्या हवेनं एका रात्रीत बोल्टवर तांबूस डाग दिसायला लागले होते. मीठ अंगावर घेऊन लांब सायकल मारली तेव्हा सॅडल ६० किमीनंतर बसू देईना, पातळ पॅडवर ९० किमी या सॅडलनं जमणार नाही. आता मधे खाच असलेलं आखूड नाकाचं सॅडल दुकानदारानं महिनाभर वापरून बघायला दिलंय, ते ट्रायसूट घालून, अंग ओलं करून आणि पुढं पळून बघितल्याशिवाय विकत घेणार नाही.