पेशंटच्या फोटोंसाठी ॲप: स्वतंत्र बनवायचं की रेकॉर्ड प्रणालीतच जोडायचं?

दोन्ही पर्यायांची गाठ आधी व्हॉट्सॲपशी आहे. अनेक ठिकाणी जखमेचा फोटो डॉक्टर स्वतःच्या फोनवर काढतात आणि वरिष्ठांना पाठवून मोकळे होतात. काम झटपट होतं. पण फोटो गॅलरीत राहतो, तिथून आपसूक क्लाउडवर चढू शकतो, आणि महिन्याभराने तो पाय नक्की कोणाचा, हे सांगायला कोणी नसतं. नवं ॲप याहून फार वेळखाऊ असेल, तर नियम कितीही कडक करा, कोणी वापरणार नाही.

रुग्णालयाच्या डिजिटल रेकॉर्ड प्रणालीला जोडलेल्या कॅमेऱ्याची मोठी जमेची बाजू म्हणजे पेशंटची ओळख फोटोच्या आधी ठरते. चार्ट उघडा, फोटो काढा, तो तिथेच जातो. एपिक या अमेरिकन रेकॉर्ड-सॉफ्टवेअर कंपनीचं हायकू हे ॲप असंच चालतं. फोटो फोनच्या गॅलरीत उतरतच नाही. उणीव अशी, की अशा प्रणालींत कॅमेरा बहुधा सावत्र असतो आणि सुधारणा कंपनीच्या सवडीने येतात.

स्वतंत्र ॲपमध्ये कॅमेऱ्याचे लाड करता येतात, आणि ते करायलाच हवेत. फोन जखमेच्या फार जवळ नेला की मधला भाग फुगल्यासारखा दिसतो. काही फोन तर जवळ जाताच गुपचूप अल्ट्रावाइड लेन्सवर सरकतात. त्यावर फोनचं सॉफ्टवेअर रंग ‘सुधारतं’, म्हणजे नेमका सुजेचा लालसरपणाच बदलतो. म्हणून लेन्स पक्की करणं, फ्रेममध्ये मोजपट्टी आणि रंगपट्टी मागणं, मागच्या वेळचा फोटो पडद्यावर फिकट दाखवून तोच कोन साधणं, या सोयी हव्यात. ग्लोव्हज घातलेल्या सिस्टरला आवाजाच्या बटणाने फोटो काढता यावा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

पण इथे ओळख ॲपलाच पटवावी लागते. मनगटावरच्या पट्टीचा बारकोड हा सरळ मार्ग. खरा धोका पुढच्या खाटेवर असतो: आधीच्या पेशंटचं नाव उघडंच राहतं आणि फोटो भलत्याच्या खात्यात जातो. दर पेशंटनंतर ॲपने नाव मिटवलंच पाहिजे, एक टॅप वाढला तरी चालेल.

साठवणुकीत मला एकच अट महत्त्वाची वाटते: फोटो डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांसाठीचं) किंवा एफएचआयआर (आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीचं) या मानकांतून मुख्य रेकॉर्डमध्ये गेले पाहिजेत.

सर्वसाधारण वॉर्डांसाठी, प्रणालीत मोबाइल कॅमेरा असेल तर तोच घ्या. भाजलेले पेशंट, त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी, जिथे तीच जागा आठवडोनआठवडे तपासायची असते, तिथे स्वतंत्र ॲपचा खर्च पटतो. डेमोच्या वेळी मात्र वाय-फाय बंद करायला लावा, लागोपाठ दोन पेशंटचे फोटो काढा, आणि नेटवर्क परत आल्यावर कोणता फोटो कुठे गेला ते स्वतः उघडून पाहा.