फार्मसीपूर्व सहा आठवड्यांचा वर्ग : रसायनशास्त्रासाठी पैसे वसूल, गणितासाठी नाही

मुलीने बारावीला जीवशास्त्र घेतले होते, गणित दहावीनंतरच सोडले होते आणि सीईटी झाल्यावर बी.फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या) प्रवेशफेऱ्या सुरू होईपर्यंत हातात मोकळे दिवस होते. या दिवसांत कोणता विषय खोलात जाऊन करावा, या प्रश्नावर आमच्या भागातील एका खासगी वर्गाचे उत्तर ‘रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही’ असे होते. मी स्वतः डी.फार्म. करून औषधांचे दुकान चालवत असल्यामुळे ते मला तेव्हाच खटकले होते; तरीही प्रवेश घेतला.

वर्गातील रसायनशास्त्राचे शिक्षक मात्र खरोखर उत्तम निघाले. त्यांनी पहिले दहा-बारा दिवस केवळ मोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक), मोलॅरिटी व नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता सांगणारी मापे) आणि विरलीकरणाची गणिते करून घेतली. तेव्हा मुलगी कंटाळली, पण पहिल्याच सत्रात ‘फार्मास्युटिकल अ‍ॅनालिसिस’ हा विषय येतो आणि त्याच्या प्रात्यक्षिकांत टायट्रेशनशिवाय (ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबथेंब मिसळून दुसऱ्याची तीव्रता काढण्याशिवाय) गत्यंतर नसते, हे त्यांना ठाऊक होते. सेंद्रिय रसायनात त्यांनी अभिक्रियांच्या याद्या पाठ करून घेतल्या नाहीत. अल्कोहोलपेक्षा फिनॉल अधिक आम्लधर्मी का, इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतो, हेच पुन्हा पुन्हा विचारले. एस्टर (आम्ल व अल्कोहोल किंवा फिनॉल यांपासून बनणारे संयुग) आणि त्याचे जलविघटन, म्हणजे पाण्यामुळे होणारे तुकडे, शिकवताना त्यांनी अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घेतले : दमट हवेत त्याचे सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्ल होते. जुन्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास का येतो, हे मुलीने त्या संध्याकाळी मलाच समजावून सांगितले. (तो वास मला कित्येक वर्षांपासून परिचित आहे, रेणू आता कुठे दिसला.)

जीवशास्त्राला मात्र जवळजवळ तेवढाच वेळ देण्यात आला, तो मुलीसारख्यांच्या दृष्टीने वाया गेला. कारण मानवी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र पहिल्या दोन्ही सत्रांत मुळापासून शिकवले जाते. बारावीला गणित घेऊन आलेल्यांना ते तास उपयोगी पडले असतील, कारण त्यांना पहिल्या सत्रात ‘रेमेडियल बायॉलॉजी’ (जीवशास्त्राचा राहिलेला पाया भरून काढणारा विषय) असते. भौतिकशास्त्रातील सरफेस टेन्शन (पृष्ठताण) आणि व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) हा पुढे फिजिकल फार्मास्युटिक्स या औषधांच्या भौतिक गुणधर्मांच्या विषयात पुन्हा भेटणारा भाग गाळून प्रकाशशास्त्र घेण्यामागचे कारण मला अजूनही उमगलेले नाही.

माझी खरी तक्रार गणिताबद्दल आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ असते आणि त्यात लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह यांच्यापासून लाप्लास ट्रान्सफॉर्म या प्रगत गणिती पद्धतीपर्यंत मजल जाते. वर्गाने त्यासाठी जेमतेम तीन दिवस दिले आणि सूत्रे उतरवून दिली. वास्तविक पीएच (द्रावणाच्या आम्लतेचे माप) म्हणजे लॉगॅरिदमच. औषधाच्या अर्धायुष्याच्या (शरीरातील औषध निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) सूत्रातील 0.693 हा आकडाही 2 च्या नैसर्गिक लॉगॅरिदममधूनच येतो. लॉगॅरिदम कच्चे राहिलेल्या विद्यार्थ्याला बफरचे (पीएच जवळजवळ स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचे) गणित सुटत नाही, आणि त्याला वाटत राहते की आपले रसायनशास्त्र कच्चे आहे. आमच्या घरी पहिल्या सत्रात नेमके हेच घडले.

ज्याची बारावीची रसायनशास्त्रातील गणिते डळमळीत आहेत, त्याने हा वर्ग जरूर लावावा. मात्र प्रवेशापूर्वी केवळ रसायनशास्त्राचे शुल्क घेणार का, हे विचारून घ्यावे. आम्हाला नकार मिळाला होता. जीवशास्त्राच्या तासांना दांडी मारून मुलीने त्या वेळेत अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातील लॉगॅरिदमची उदाहरणे सोडवली असती, तर मी तिला मुळीच अडवले नसते.