कूबर पेडीचा खांबावरचा ट्रक

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून स्टुअर्ट हायवेने साधारण ८५० किलोमीटर, दोन मुक्काम, आणि मग कूबर पेडी गावात लाल माळावर हा ट्रक दिसतो. खांबांवर चढवलेला, पाठीवर भलंमोठं पिंप, अंगावर गावाचं नाव. गाडीतून उतरता उतरता आबा म्हणाले, "अगं, हा वर कुणी नेऊन ठेवला?"

याला इथे ब्लोअर म्हणतात. नावावर जाऊ नका, हा फुंकत नाही, ओढतो. ओपल या रत्नाच्या खाणीतली माती-दगड जाड पाइपातून शोषून वर आणतो, पिंप भरलं की खाली ओततो. गावाभोवती ते पांढुरके शंकू दिसतात ना, ती बरीचशी असल्याच ब्लोअरांची ओकारी. आबांनी साताऱ्याकडे हाताने विहिरी खोदल्यात. ते पाइपाच्या तोंडाखालून हललेच नाहीत.

१९१५ साली १४ वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल सापडलं, त्यातून हे गाव उभं राहिलं. उभं म्हणजे बरंचसं जमिनीखालीच!

फुकट आहे, फोटो झकास येतो. सावली मात्र औषधालाही नाही, आणि माश्या थेट नाकात. दुपारी जाऊ नका. फोटोसाठी मागे मागे सरकायचं तर आधी वळून बघा. गावाबाहेर उघडे खड्डे आहेत, तशा पाट्याही लावल्यात.

पाचपैकी चार. एक तारा माश्यांनी खाल्ला.