आर्वीचं गटिंगचं दुकान: डबल्स खेळणाऱ्या मुलींनी रॅकेट इथंच द्यावी

आर्वीच्या बाजारातल्या या खेळसाहित्याच्या दुकानात टेनिसची रॅकेट गटिंगला, म्हणजे तारा बसवायला, दिली की दुकानदार भाऊ आधी विचारतात, "सिंगल्स की डबल्स? मनगट दुखते का?" तार कोणती टाकायची ते नंतर. आपल्या भागात हा प्रश्न विचारणारं दुकान सापडणं कठीण.

तालुक्याच्या गावात गटिंग म्हणजे बहुतेक बॅडमिंटनचं, 24-26 पौंडांचं. काही जण त्याच हलक्या मशीनवर टेनिसची रॅकेटही चढवतात. टेनिसला 48 ते 54 पौंड ताण लागतो. फ्रेमला पुरेसे आधार नसताना उभ्या तारांना एवढा ताण दिला की रॅकेटचं डोकं आखूड आणि रुंद होतं, मग फ्रेमला बारीक चीर जाते. इथल्या मशीनला सहा आधार आहेत. 100 चौरस इंच डोक्याच्या, 16 उभ्या आणि 19 आडव्या तारांच्या रॅकेटला साधारण 12 मीटर तार लागते. तिचे दोन तुकडे करून उभ्या तारा वेगळ्या, आडव्या वेगळ्या, अशा चार गाठींत काम होतं. आडव्या तारा डोक्याकडून मुठीकडे ओढतात, दोन पौंड कमी ताणावर, आणि ताण देण्याआधी प्रत्येक तार बोटांनी सरळ करतात. घाईत हेच राहून जातं; मग तारा वाकड्या बसतात आणि ताण एकसारखा राहत नाही.

मनगटाचा प्रश्न का महत्त्वाचा, हे सानिया मिर्झाच्या कारकिर्दीत दिसतं. 2007 मध्ये ती एकेरीत जगात 27 वी होती. तिच्या फोरहँडचा जोर मनगटाच्या झटक्यात, आणि त्याच मनगटानं 2008 चा मोसम खाल्ला. बीजिंग ऑलिम्पिकमधला एकेरीचा सामना अर्धवट सोडावा लागला. 2013 मध्ये तिनं एकेरी थांबवली. 13 एप्रिल 2015 ला ती दुहेरीत जगात पहिली आली आणि मार्टिना हिंगिससोबत विम्बल्डन, यूएस ओपन, ऑस्ट्रेलियन ओपन अशी सलग तीन ग्रँड स्लॅम जिंकली. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये 2-5 नं मागे पडून 7-5 नं सेट काढला. मागून सानियाचा फोरहँड, नेटवर हिंगिसचे हात. डबल्समध्ये किती ताकद वाचवता येते, हे या जोडीनं दाखवलं.

म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला भाऊ पूर्ण पॉलिएस्टरची कडक तार घालून देत नाहीत, कितीही मागितलं तरी. हा त्यांचा निर्णय अगदी बरोबर आहे. पॉलिएस्टर लवकर तुटत नाही म्हणून स्वस्त वाटते, पण दहा-बारा तासांच्या खेळात मरते, म्हणजे तिची लवचिकता जाते. तुटत नसल्यामुळं पोरी त्याच मेलेल्या तारेवर महिनोनमहिने खेळतात आणि प्रत्येक फटक्याचा हादरा मनगटात, कोपरात जातो. नेटवर व्हॉली मारताना रॅकेट मागे घ्यायला वेळ नसतो. येणारा वेग तारेनंच पचवायचा असतो. त्यासाठी 1.30 मिलिमीटरची मल्टिफिलामेंट (नायलॉनच्या बारीक धाग्यांची मऊ तार), 50 पौंडांवर, हा त्यांचा सल्ला योग्यच.

उन्हाळ्याचा विचारही ते करतात. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा 45 च्या वर जातो, चेंडू जास्त उडतो आणि नायलॉन सैल पडते, म्हणून 2 पौंड वाढवतात. डिसेंबरात तेवढेच कमी करतात. रॅकेट टिनाच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवली तर मात्र कोणतंही गटिंग टिकणार नाही.

उणीव एकच, पण मोठी: ग्रोमेट, म्हणजे फ्रेमच्या भोकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, मिळत नाहीत. फुटलेल्या प्लास्टिकच्या जागी तार थेट कार्बनच्या कडेवर घासते आणि दोन-तीन आठवड्यांत तिथंच तुटते. नवी पट्टी नागपूर किंवा अमरावतीहून आणून दिली तर भाऊ बसवून देतात. त्यांनी चार-पाच चालणाऱ्या रॅकेटच्या पट्ट्या ठेवायलाच हव्यात.

मजुरी 200 रुपये, तार वेगळी. सकाळी दिली तर संध्याकाळी मिळते. तार तुटलेली असेल तर न्यायच्या आधीच उरलेल्या तारा मधून बाहेरच्या बाजूला, उभी-आडवी आळीपाळीनं कापून टाका. एकाच बाजूचा ताण राहिला की फ्रेम वाकते.