नॉरफोकची ग्रंथालये, माहिती केंद्रे आणि पाणथळ राखीव क्षेत्रे: चारही ऋतूंतल्या वापरानंतर

पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात पक्षी, सील किंवा फुलपाखरे पाहायला निघणाऱ्याने आधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात जावे, हे आमचे ठाम मत आहे. नकाशा, भरतीची वेळ, बसचे वेळापत्रक, गरम खोली आणि फुकट वाय-फाय या पाचही गोष्टी एका छपराखाली मिळतात. बहुतेक लोक उलटे करतात. थेट किनाऱ्यावर जातात, पार्किंगचे पैसे भरतात, ओहोटीच्या वेळी रिकामा चिखल बघतात आणि 'काहीच दिसले नाही' म्हणत परततात. तिथे पक्षी असतातच, फक्त त्या तासाला ते दोन-तीन किलोमीटर दूर पाण्याच्या कडेला चरत असतात.

कौंटीत एकूण 47 ग्रंथालये आहेत. नॉरिचचे मिलेनियम लायब्ररी त्यांत सर्वांत मोठे. 1 ऑगस्ट 1994 रोजी जुने मध्यवर्ती ग्रंथालय आगीत गेले, लाखाहून अधिक पुस्तके जळाली. त्याच जागी 'द फोरम' ही काचेची मोठी इमारत उभी राहिली आणि 2001 मध्ये त्यात नवे ग्रंथालय सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे हेरिटेज सेंटर चुकवू नये. जुने नकाशे, स्थानिक वर्तमानपत्रे आणि परगण्याचा इतिहास तिथे बसून पाहता येतो. 1869 मध्ये स्थापन झालेली नॉरफोक अँड नॉरिच नॅचरलिस्ट्स सोसायटी दरवर्षी पक्षी आणि सस्तन प्राण्यांचा अहवाल काढते. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कुठे दिसतो, हे कळायला त्या अहवालाइतके विश्वासार्ह काही नाही. काउंटरवर त्याच्याबद्दल विचारावे. याच इमारतीत दुसऱ्या महायुद्धात इथल्या धावपट्ट्यांवरून उडालेल्या अमेरिकन सेकंड एअर डिव्हिजनच्या सुमारे 7,000 मृतांच्या स्मरणार्थ वेगळे ग्रंथालय आहे. त्यासाठी वेगळा वेळ ठेवावा.

ग्रंथालयाचे सदस्यत्व फुकट आहे. ऑनलाइन अर्ज करून नंतर कार्ड घेता येते. पत्त्याचा पुरावा जवळ असलेला बरा, विशेषतः नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांनी आणि रुग्णालयात रुजू झालेल्यांनी वसतिगृहाचे किंवा घरमालकाचे पत्र सोबत ठेवावे. पुस्तके साधारण तीन आठवड्यांसाठी मिळतात आणि मागे कोणी नंबर लावला नसेल तर ऑनलाइन मुदत वाढवता येते. सर्वांत उपयोगी सोय 'ओपन लायब्ररी' म्हणजे कर्मचारी नसलेल्या वेळेतही कार्ड आणि पिन टाकून आत जाण्याची. लहान गावांत कर्मचारी दिवसाचे मोजकेच तास असतात, पण दार त्याहून बरेच जास्त वेळ उघडते. इथे गफलत होते ती पिनमध्ये. तो अर्जाच्या वेळी ठरतो आणि लोक विसरतात, मग दारापाशी उभे राहून मदतीला कोणीच नसते. म्हणून पहिला वापर कर्मचारी आत असताना करून बघावा. सोळा वर्षांखालच्या मुलांना या वेळेत मोठ्या माणसाबरोबरच जाता येते.

ग्रंथालयातून उचलायची पहिली वस्तू म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा. प्रमाण 1:25,000, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. किनाऱ्यासाठी 250, 251 आणि 252 हे क्रमांक, पश्चिमेकडून पूर्वेकडे याच क्रमाने. ब्रॉड्स या तळ्यांच्या प्रदेशासाठी ओएल40. हिरवी तुटक रेघ म्हणजे सार्वजनिक पायवाट, आणि ही रेघ वाचता आली की बरेच पैसे वाचतात. कारण राखीव क्षेत्रातल्या हाइडमध्ये, म्हणजे लपून पक्षी पाहायच्या झोपडीत, बसायला बहुधा शुल्क किंवा सदस्यत्व लागते, पण त्याच क्षेत्राच्या बांधावरून जाणारी सार्वजनिक पायवाट सगळ्यांना मोकळी असते. क्लाय मार्शेसचा ईस्ट बँक आणि टिचवेलचा वेस्ट बँक ही दोन ठळक उदाहरणे. दोन्ही बांधांवरून एका बाजूला बोरूचे रान, दुसऱ्या बाजूला खारट दलदल आणि टोकाला समुद्र असा पूर्ण पट दिसतो. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात भिगवणला येतो. इथे तो याच बोरूंवर घिरट्या घालताना जवळजवळ वर्षभर दिसतो.

सदस्यत्वाचा गोंधळ आधीच समजून घ्यावा, कारण एका संस्थेचे कार्ड दुसरीकडे चालत नाही. क्लाय, हिकलिंग, रॅनवर्थ, वीटिंग हीथ ही नॉरफोक वाइल्डलाइफ ट्रस्टची. टिचवेल, स्नेटिशॅम, स्ट्रम्पशॉ फेन ही आरएसपीबी या पक्षी-संरक्षण संस्थेची. ब्लेकनी पॉइंट नॅशनल ट्रस्टकडे. होल्कम हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र खासगी इस्टेटच्या ताब्यात असून तिथे पार्किंगला वेगळे पैसे. पहिल्या वर्षी एकच संस्था निवडायची असेल तर गाडी नसलेल्याने वाइल्डलाइफ ट्रस्ट घ्यावा. क्लायच्या केंद्रासमोरच बस थांबते, आणि देशातल्या या प्रकारच्या पहिल्या संस्थेला हातभारही लागतो. डॉ. सिडनी लाँग यांनी 1926 मध्ये क्लायची सुमारे 400 एकर दलदल विकत घेतली आणि त्याच वर्षी ट्रस्ट स्थापन झाला. इंग्लंडमधल्या बाकीच्या कौंट्यांनी नंतर हाच नमुना उचलला.

क्लायचे केंद्र आम्हाला सगळ्यांत आवडते. उंचावर असल्यामुळे आत बसून काचेतून पूर्ण दलदल दिसते, चहा मिळतो, व्हीलचेअर नेता येते. हाइडपर्यंतच्या लाकडी पायवाटाही सपाट आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना घेऊन जाण्यासारखी ही जागा आहे. स्थानिक ज्येष्ठांचा मोफत बस पास मात्र इथल्या रहिवाशांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही, हे आधी सांगून ठेवावे. कुत्री आणू देत नाहीत. दिसण्यासारखे खूप: अ‍ॅव्होसेट वसंतापासून, बोरूंत फिरणारी बिअर्डेड टिट, आणि नशीब असेल तर बिटर्न. बोरूंत दडून राहणारा हा बगळ्याच्या जातकुळीतला पक्षी दिसण्याऐवजी वसंतात पहाटे नराचा घुमारा ऐकू येण्याची शक्यता जास्त. 5 डिसेंबर 2013 च्या समुद्री उधाणात इथला गोट्यांचा बांध फुटून गोड्या पाण्याच्या दलदलीत खारे पाणी घुसले होते. अजूनही वादळी भरतीनंतर वाटा बंद ठेवाव्या लागतात, म्हणून हिवाळ्यात निघण्यापूर्वी केंद्राच्या संकेतस्थळावरची सूचना वाचावी.

आता भरती. ज्यांना कोकणातले उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) ठाऊक आहे त्यांना हा भाग सोपा जाईल. वॉश या उथळ आखातात स्नेटिशॅमपाशी पाणी ओहोटीला कित्येक किलोमीटर मागे सरते आणि नॉट, डनलिन, ऑयस्टरकॅचर यांचे हजारो पक्षी चिखलात विखुरतात. मोठ्या उधाणाला चिखल पूर्ण झाकला जातो, पक्ष्यांना उभे राहायलाही जागा उरत नाही. मग नॉटचे प्रचंड थवे आकाशात उठून, वळणे घेत गोट्यांच्या बांधापलीकडच्या तलावांवर उतरतात. हे फक्त उधाणाला घडते. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उधाण कळसाला असते, आणि या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती सकाळी सहा ते आठच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी येते. भिंतीवरचे मराठी कॅलेंडर इथे खरोखर उपयोगी पडते, तिथीवरून तारखा सरळ काढता येतात. उन्हाळा सरताना, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सकाळच्या भरत्या उत्तम.

वेळ काढताना सर्वांत जास्त चूक एका तासाची होते. छापील भरती-तक्त्यांतल्या वेळा पुष्कळदा ग्रीनिच वेळेनुसार असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असते, तेव्हा तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. तक्त्यावर कोणती वेळ छापली आहे ते पहिल्या पानावर पाहावे. दुसरी अडचण चालण्याची. स्नेटिशॅमला गाडीतळापासून हाइडपर्यंत अडीच किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, तेव्हा भरतीच्या निदान दोन तास आधी गाडी लावलेली असावी. पाणी चढत असतानाच देखावा रंगतो. ऐन भरतीला पोहोचलेल्याला तलावावर बसलेले पक्षीच दिसतात.

हिवाळ्यात याच जागी आइसलँड आणि ग्रीनलंडहून येणारे पिंक-फुटेड गूज (गुलाबी पायांचे रानहंस) पहाटे वॉशमधल्या मुक्कामावरून शेतांकडे उडतात. पण त्यांच्यासाठी पौर्णिमा टाळावी. चांदण्यात ते रात्रीही शेतांत चरतात, मग पहाटेचे उड्डाण विस्कळीत होते. एकाच पहाटे गूज आणि उधाण दोन्ही हवे असतील तर अमावास्येनंतरचे दिवस निवडावेत. हा बारकावा माहितीफलकांवर ठळकपणे लिहायला हवा असे आम्हाला मनापासून वाटते.

खारट दलदलीवर भरतीची दुसरी बाजू धोक्याची. वेल्सच्या (वेल्स-नेक्स्ट-द-सी हे इथले गाव, वेल्स देश नव्हे) आणि होल्कमच्या किनाऱ्यावर पाणी सरळ समोरून येत नाही. आधी मागच्या खाड्या भरतात आणि वाळूच्या उंचवट्यावर उभा असलेला माणूस कोंडला जातो. वेल्सला पाणी चढू लागले की भोंगा वाजतो. तो ऐकला की लगेच निघावे, फोटो संपेपर्यंत थांबू नये. होल्कमला लेडी अ‍ॅन्स ड्राइव्हच्या टोकाला 'द लुकआउट' ही इमारत आहे. स्वच्छतागृह, कॉफी आणि माहिती तिघांसाठी तिथे थांबावे. 2010 पासून होल्कमला चमचा (स्पूनबिल) या पक्ष्यांची वसाहत आहे. तीनशेहून अधिक वर्षांनंतर ब्रिटनमध्ये त्यांनी पुन्हा नियमित घरटी बांधली, आणि हा उजनीवर दिसणाराच चमचा, तीच जात.

माहिती केंद्रांबद्दल आमचे मत संमिश्र आहे. क्रोमरचे केंद्र चांगले आहे, बस आणि किनारपट्टीच्या वाटांची माहिती थेट मिळते. ब्रॉड्सवरची होवटन आणि हाउ हिलची केंद्रे हंगामी आहेत, साधारण ईस्टर ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात तिथे जाणाऱ्याला कुलूपच दिसेल. रॅनवर्थचे पाण्यावर तरंगणारे, गवती छपराचे केंद्रही उन्हाळी. तिथे नेणारी लाकडी पायवाट छोटी आहे, पण तिच्यावरून चालताना ओला जंगलपट्टा हळूहळू बोरूंच्या रानात आणि मग उघड्या पाण्यात बदलत जातो, आणि ब्रॉड्स कसे तयार झाले ते डोळ्यांपुढे येते. ही तळी नैसर्गिक नाहीत. मध्ययुगात जळणासाठी पीट (दलदलीत साचलेला कुजक्या वनस्पतींचा थर) खणल्यामुळे झालेले खड्डे पाण्याने भरले. जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात जमिनीत खोल नमुने घेऊन हे दाखवून दिले.

स्ट्रम्पशॉ फेन स्वालोटेल फुलपाखरासाठी. मेच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, ऊन आणि कमी वारा असलेल्या सकाळी. ब्रिटनमधली ही उपजात ब्रॉड्सबाहेर जगू शकत नाही, कारण तिची अळी मिल्क पार्सली या एकाच वनस्पतीवर वाढते. ढगाळ दिवशी गेल्यास फुलपाखरू दिसणार नाही, त्यापेक्षा ग्रंथालयात बसावे. ब्रंडल स्टेशनपासून चालत अर्ध्या तासाच्या आसपास. गाडीतळाकडून आत शिरताना रेल्वेचे फाटक ओलांडावे लागते, तिथे मुलांचा हात सोडू नये. हिवाळ्यात इथल्या वाटा पाण्याखाली जातात, तेव्हा गमबूट हवेतच. उन्हाळ्यात गवतातून फिरल्यावर गोचीड शोधून काढावे. लाइम रोगाचा धोका खरा आहे.

सील पाहायला हॉर्सीला नोव्हेंबर ते जानेवारी. वाळूच्या टेकडीवर दोऱ्यांनी आखलेल्या वाटा आणि स्वयंसेवक असतात. दोरी ओलांडू नये. पिल्लू साधारण तीन आठवडेच आईच्या दुधावर असते, आणि माणसाच्या वावराने आई समुद्रात निघून गेली तर ते भुकेने मरते. इथे बसची सोय फारशी नाही.

बसच्या बाबतीत एवढे पक्के लक्षात ठेवावे: एकेरी भाड्याची कमाल मर्यादा 2023 मध्ये 2 पौंड होती, जानेवारी 2025 पासून 3 पौंड आहे. वेल्स ते क्रोमर कोस्टहॉपर ही बस, किंग्ज लिन ते वेल्स लिंक्स कंपनीची 36 क्रमांकाची बस. नॉरिचहून शेरिंगहॅमपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून क्लायला बस, हा आम्हाला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटला. हिवाळी वेळापत्रकात फेऱ्या कमी होतात आणि शेवटची बस लवकर सुटते. परतीच्या बसची वेळ आधी ठरवावी, मग हाइडमध्ये बसावे.

थेटफर्डकडे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी जोडून घ्याव्यात. वीटिंग हीथवर एप्रिलपासून उन्हाळ्यात स्टोन कर्ल्यू दिसतो, आपल्याकडच्या करवानकाचा जवळचा भाऊबंद. तोही तसाच उघड्या माळावर मातीच्या रंगात मिसळून दिवसभर निश्चल असतो, म्हणून 8×42 ची दुर्बीण असली तरी हाइडमध्ये चिकाटीने बसावे लागते. सकाळी लवकर जावे, दुपारी तापलेल्या हवेत चित्र थरथरते. आणि थेटफर्ड गावातल्या एन्शंट हाउस संग्रहालयात जरूर जावे. महाराजा दुलीपसिंगांचे पुत्र प्रिन्स फ्रेडरिक यांनी ती जुनी लाकडी वास्तू 1921 मध्ये गावाला दिली. नॉरिच-इली मार्गावर थेटफर्ड आणि ब्रँडन दोन्ही स्टेशने आहेत. ब्रँडनवरून वीटिंगसाठी टॅक्सी आधी सांगून ठेवावी, स्टेशनबाहेर उभी मिळेल यावर विसंबू नये.